बाबा तर बाजूलाच उभे होते!

बालमित्रांनो, माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. "बाई, माझं नाव नका हं छापू," अशी तंबीच त्याने मला दिली आहे! म्हणून आपण त्याला बंडू म्हणू.

बंडू एक दिवसही शाळा बुडवत नाही. पाऊस असो, ताप असो, स्वारी हजर. पण मागच्या वर्षी तो सलग तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी आला तो गप्प गप्पच. मधल्या सुट्टीत डबासुद्धा उघडला नाही. जवळ बसवून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाला, "बाई, बाबांच्या पायावरून फोर्कलिफ्ट गेली."

आमची शाळा चाकणच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईवडील विदर्भ-मराठवाड्यातून कामाला आलेले. कुणी कारखान्यात, कुणी गोडाऊनमध्ये. बंडूचे बाबाही एका गोडाऊनमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर आहेत. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर. पावलाची दोन हाडं मोडली होती. डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकवायचा नाही असं सांगितलं होतं. दीड महिना काम नाही, म्हणजे हजेरी नाही. बंडूची आई काही बोलत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब दिसत होता.

बंडूचे बाबा मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "बाई, मी गाडीच्या पुढं नव्हतो, मागं पण नव्हतो. बाजूला उभा होतो. गाडी तिकडं वळली, माझ्यापासून लांब. मग माझा पाय सापडला कसा?"

मलाही उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशी वर्गात हाच प्रश्न मी फळ्यावर लिहिला. आज तो तुम्हालाही विचारते. गाडी उजवीकडे वळली, माणूस डावीकडे उभा होता. मग त्याचा पाय चाकाखाली आला कसा?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. आधी या फोर्कलिफ्टबाईंची नीट ओळख करून घेऊ.

पाठीवरचं ओझं उतरवणारी गाडी

तुमच्या घरी मोबाईलवरून मागवलेलं एखादं खोकं कधी ना कधी आलं असेल. ते येण्याआधी भिवंडीच्या नाहीतर चाकणच्या एखाद्या मोठ्या गोडाऊनमध्ये राहून आलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. तिथे अशी हजारो खोकी उंच उंच मांडण्यांवर रचलेली असतात. ती वर चढवायची आणि खाली उतरवायची कोणी?

पूर्वी हे काम माणसाची पाठ आणि माणसाचं डोकं करायचं. 'माथाडी' हा शब्द ऐकलाय ना? माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. या कष्टकऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली खास कायदा झाला. पन्नास किलोचं पोतं दिवसभर वाहणं म्हणजे काय, हे त्यांच्या मणक्यांना विचारा!

अमेरिकेत क्लार्क नावाच्या कंपनीने १९१७ साली आपल्याच कारखान्यात माल हलवायला एक छोटी गाडी बनवली. कारखाना बघायला आलेले लोक म्हणू लागले, "अहो, ही गाडी आम्हालाही बनवून द्या की!" आजची फोर्कलिफ्ट तिथूनच पुढे घडत गेली.

या गाडीला पुढे लोखंडाचे दोन लांब, चपटे काटे असतात. जेवणाच्या काट्यासारखे, म्हणून नाव 'फोर्क'. माल एका लाकडी चौकटीवर रचतात. तिला म्हणतात पॅलेट. काटे पॅलेटखाली घालायचे, दांडा ओढायचा, की माल वर! दोन टन उचलणारी फोर्कलिफ्ट म्हणजे पन्नास किलोची चाळीस पोती एका दमात. हमालदादा म्हणतील, "बाई गं, तू आधी कुठे होतीस?"

पण दोन टन माल पुढे उचलल्यावर गाडी तोंडावर पडत कशी नाही?

सी-सॉ आणि तीन पायांचं स्टूल

बागेतला सी-सॉ आठवा. एका टोकाला जाड्या गणू बसला, तर दुसऱ्या टोकालाही तेवढंच वजन हवं. फोर्कलिफ्ट हा चालता-फिरता सी-सॉच आहे. पुढची चाकं म्हणजे मधला टेकू. पुढच्या टोकाला माल, आणि मागच्या टोकाला लोखंडाचा भलामोठा ठोकळा. त्यामुळे दोन टन उचलणारी गाडी रिकामी असतानाही तीन टनांहून जास्त भरते. माल घेतला की पाच टनांच्या पुढे. म्हणजे चांगला मोठा हत्ती! गाडी दिसते छोटी, पण अंगावर आला तर तो हत्ती येतो हे विसरायचं नाही.

करून पाहा : एक पेन्सिल आडवी ठेवा. तिच्यावर पट्टी अशी ठेवा, की एका बाजूला ती थोडी जास्त राहील. आखूड बाजूच्या टोकाला मोठा खोडरबर ठेवा. तो झाला मागचा ठोकळा. आता दुसऱ्या बाजूला, पेन्सिलच्या अगदी जवळ एक छोटा खोडरबर ठेवा आणि तो हळूहळू टोकाकडे सरकवा. एका ठिकाणी पट्टी झपकन कलते! वजन तेच, पण लांब गेलं म्हणून जड झालं. म्हणूनच फोर्कलिफ्टवर पाटी असते. किती किलो माल, काट्यांच्या मुळापासून किती अंतरापर्यंत उचलायचा, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ती पाटी वाचल्याशिवाय माल उचलणारा चालक आणि प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहिणारा विद्यार्थी, दोघंही गोत्यात येतात!

आणखी एक गंमत. नेहमीच्या फोर्कलिफ्टला चाकं चार दिसतात, पण तोल असतो तिघांवर. मागच्या चाकांचा आस मध्यभागी एका खुंटीवर डोलतो, म्हणजे जमीन उंचसखल असली तरी चारही चाकं टेकतात. त्यामुळे गाडी खरं तर तीन पायांच्या स्टुलावर उभी असते. पुढची दोन चाकं हे दोन पाय आणि मागच्या आसाचा मध्य हा तिसरा. अशा स्टुलावर तुम्ही एका बाजूला वाकलात, तर काय होईल? धप्प! माल उंच उचलून भर्रकन वळलं, की फोर्कलिफ्टचंही तसंच होतं. म्हणून शहाणा चालक माल घेऊन जाताना काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवतो. उंच उचलायचं ते जागेवर पोचल्यानंतर.

आणि समजा, गाडी कलंडलीच, तर? वर्गात सगळे एका सुरात ओरडले, "उडी मारायची!" चूक! चालक उडी मारतो ती बहुधा गाडी पडते त्याच बाजूला, आणि वरचं लोखंडी छत त्याच्यावरच येतं. म्हणून पट्टा बांधलेला ठेवायचा, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडते त्याच्या उलट बाजूला झुकून आत बसून राहायचं, असं चालकांना शिकवतात.

बांबू घेऊन वळा पाहू

आता आपल्या कोड्याकडे येऊ. उत्तर सापडलं ते शाळेच्या झेंड्याच्या बांबूमुळे.

बंडूच्याच एका मैत्रिणीने तो लांब बांबू खांद्यावर घेतला होता. मी हाक मारली म्हणून ती झटकन उजवीकडे वळली, आणि बांबूचं मागचं टोक सर्रकन डावीकडे गेलं. तिथे उभ्या असलेल्या पोराची टोपीच उडाली! पोरगं ओरडलं, "अगं, मी तर बाजूलाच उभा होतो!"

बंडू जागच्या जागी उभा राहिला. "बाई! बाबा पण असंच म्हणाले होते!"

अगदी बरोबर. मोटार वळते ती पुढच्या चाकांनी. पुढचा भाग वळतो, मागचा भाग त्याच्यामागून येतो. फोर्कलिफ्ट मात्र मागच्या चाकांनी वळते. अरुंद जागेत चटकन फिरता यावं म्हणून ती तशी बनवलेली असते. तिचा पुढचा भाग जवळजवळ तिथेच राहतो आणि ढुंगण बाहेर फेकलं जातं. गाडी उजवीकडे वळली, की मागचा भाग डावीकडे झोकतो. बंडूच्या बाबांना वाटलं, गाडीने तोंड फिरवलं, आता ती चालली. पण तिची पाठ त्यांच्याकडेच येत होती.

बंडूने घरी जाऊन चमचा आणि पाटावर हे बाबांना करून दाखवलं. बाबा बराच वेळ त्या चमच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चार वर्षं झाली गोडाऊनमध्ये. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं रे."

चूक कोणाची?

कोडं सुटलं, पण वर्गात भांडण जुंपलं. "ड्रायव्हरची चूक! त्याने बघायला नको?" एक गट म्हणाला. "नाही, बंडूच्या बाबांची! इतक्या जवळ उभं राहायचं कशाला?" दुसरा गट म्हणाला. बंडूचे डोळे भरून आले.

मी म्हटलं, "आधी ड्रायव्हर होऊन बघा." एकेकाला मी हनुवटीपर्यंत वह्यांचा गठ्ठा दिला आणि वर्गातून चालायला सांगितलं. वाटेत एक दप्तर ठेवलं. दहापैकी सात जण त्या दप्तराला अडखळले! गठ्ठ्यामुळे पायापुढचं दिसतच नाही. फोर्कलिफ्टच्या चालकापुढे तर लोखंडी खांब, साखळ्या आणि त्यापुढे मालाचा डोंगर. माल फार उंच असेल, तर गाडी उलटी, म्हणजे मागे बघत मागे चालवायची असते. आणि माणूस अचानक आडवा आला, तरी कचकन ब्रेक लावता येत नाही. माल काट्यांवरून घसरून पुढे जातो, नाहीतर गाडीच तोंडावर येते. विजेवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टचा आवाजही फारसा होत नाही. म्हणजे ड्रायव्हरला माणूस दिसत नाही आणि माणसाला गाडी ऐकू येत नाही!

मग चूक कोणाची? मी मुलांना म्हटलं, "हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. दुसरा प्रश्न विचारू. ते दोघं एकाच वेळी एकाच जागी आले कशाला?"

बंडू म्हणाला, "बाबा पाणी प्यायला चालले होते."

आम्ही सगळे मैदानावर गेलो. खो-खोचं मैदान आखायची फक्की घेतली आणि बंडूच्या बाबांनी सांगितलं होतं तसं गोडाऊन जमिनीवर आखलं. इथे मांडण्या, इथे ट्रक लागतो ते दार, इथून गाड्यांची वाट, इथे खोकी बांधणारी माणसं. आणि पाण्याचा पिंप? तो गाड्यांच्या वाटेच्या पलीकडे! दोघं मुलं फोर्कलिफ्ट झाली, बाकीचे कामगार. पाचच मिनिटं खेळ चालला आणि कितीतरी वेळा टक्कर झाली. तहान लागली, की प्रत्येकाला ती वाट ओलांडावीच लागत होती.

एक मुलगी सहज म्हणाली, "बाई, पिंप अलीकडे आणला तर?"

मित्रांनो, मी तिच्याकडे बघतच राहिले. 'सावध राहा' अशी पाटी लावणं सोपं असतं. पण तहानलेला, दमलेला, आठ-दहा तास उभा असलेला माणूस दिवसभर सावध कसा राहील? कधी ना कधी लक्ष चुकणारच. म्हणून पहिलं काम म्हणजे माणसांची वाट आणि यंत्राची वाट वेगळी करणं. चांगल्या कारखान्यांत जमिनीवर पिवळे पट्टे आखतात. पट्ट्याच्या आत माणूस, बाहेर गाडी. मोक्याच्या जागी लोखंडी कठडे असतात. कोपऱ्यावर गोल आरसे असतात. काही गाड्यांना निळा दिवा असतो. गाडी यायच्या आधी त्याचा ठिपका जमिनीवर पुढे पळतो. ही सगळी व्यवस्था करणं हे मालकाचं काम. आणि चालकाचं काम म्हणजे कोपऱ्यावर हॉर्न, हळू वेग, काट्यांवर कोणालाही न बसवणं आणि गाडी सोडताना काटे जमिनीला टेकवून किल्ली काढून घेणं.

आणि आपलं काम? ते आम्ही एका वाक्यात बसवलं : डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय पाय उचलायचा नाही. चालकाने आपल्याकडे पाहिलं, गाडी थांबवली, हाताने 'जा' म्हटलं, मगच पुढे जायचं. 'मला गाडी दिसतेय' एवढ्यावर जायचं नाही. 'मी त्याला दिसतोय का?' हे महत्त्वाचं. आणि उचललेल्या काट्यांखालून तर कधीच, कधीच जायचं नाही!

गल्लीतला जेसीबी

तुम्ही म्हणाल, "बाई, आम्ही कुठे गोडाऊनमध्ये जातो?" खरं आहे. जाऊही नका! आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १८ वर्षांखालच्याला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. पण यंत्रं आता तुमच्या गल्लीत येतात ना?

गटाराचं काम निघालं, की जेसीबी येतो. मग शाळा काय, क्रिकेट काय, सगळं सोडून पोरं हजर! मलासुद्धा बघायला आवडतो, खोटं कशाला बोलू? पण एक लक्षात ठेवा. जेसीबी मागच्या लांब हाताने खणत असतो, तेव्हा चालक खुर्ची फिरवून मागे तोंड करून बसलेला असतो. पुढच्या मोठ्या बादलीजवळ कोण उभं आहे हे त्याला दिसत नाही. तो मागचा हात डावी-उजवीकडे झर्रकन फिरतो. हात आणि भिंत यांच्यामध्ये उभं राहणं म्हणजे जात्यात हात घालणं! पंधरा-वीस पावलं लांब उभं राहा, भिंतीला पाठ लावू नका.

उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसणं, ट्रॉलीच्या हुकावर पाय ठेवून लोंबकळणं, पळत्या ट्रॉलीतून ऊस ओढणं, हे तुमच्यापैकी किती जण करतात? हात वर करू नका, मला माहीत आहे! मडगार्ड ही बसायची जागा नाही. एक खड्डा आला, की माणूस चाकापुढे पडतो. ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडलं असेल, तर मधल्या गरगर फिरणाऱ्या दांड्याजवळ ओढणी, उपरणं, सैल सदरा घेऊन जायचं नाही. कापड गुंडाळलं, की माणूसही ओढला जातो.

मागे येणाऱ्या ट्रकच्या मागून तर धावतसुद्धा पलीकडे जायचं नाही. काही ट्रक मागे येताना गाणं वाजवतात. ते नाचायला नसतं बरं का, बाजूला व्हायला असतं!

आणि कधी कोणी सापडलंच, तर धावत जाऊन ओढाओढ करू नका. जोरात ओरडून आधी यंत्र बंद करायला सांगा, मोठ्यांना बोलवा, १०८ वर फोन करायला लावा.

पाण्याचा टँकर

या गोष्टीचा शेवट आमच्याच शाळेत झाला. फक्कीने गोडाऊन आखल्यावर मुलांना नादच लागला. त्यांनी शाळेचाही नकाशा आखला. माणसांची वाट निळ्या खडूने, गाड्यांची वाट लाल खडूने. दोन्ही रेघा एका ठिकाणी एकमेकींवर आल्या. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो, तो नेमका मधल्या सुट्टीत, उलटा मागे येत फाटकातून आत शिरतो. आणि शे-दीडशे पोरं तेव्हा मैदानभर धावत असतात! इतकी वर्षं मी तिथे शिकवते, रोज तो टँकर बघते, पण माझ्या कधी लक्षात आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. आता टँकर शाळा भरायच्या आधी येतो. कधी उशीर झालाच, तर मुलं वर्गात बसतात आणि आमच्यापैकी एक जण फाटकात उभा राहून टँकर आत घेतो.

दरवर्षी ४ मार्चला आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतो. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिचं मुख्य कार्यालय आपल्याच महाराष्ट्रात, नवी मुंबईत आहे. यंदा त्या दिवशी नुसतं भाषण ऐकू नका. एक कागद घ्या, दोन रंगांचे खडू घ्या आणि तुमच्या शाळेचा, गल्लीचा नाहीतर शेताच्या वाटेचा नकाशा काढा. निळी आणि लाल रेघ जिथे एकमेकींवर येते, तिथे बोट ठेवा आणि मोठ्यांना दाखवा. 'मुलांना काय कळतंय' असं कोणी म्हणालं, तर त्यांना पिंपाची गोष्ट सांगा.

हो, पिंपाचं सांगायचं राहिलंच! बंडूचे बाबा दोन महिन्यांनी कामावर गेले. जाताना त्यांनी खिशात बंडूने काढलेला गोडाऊनचा नकाशा नेला आणि सुपरवायझरला दाखवला. सुपरवायझरने आधी हसून तो बाजूला ठेवला. आठ दिवसांनी मात्र पिंप अलीकडे आला. पिवळे पट्टे अजून आखलेले नाहीत. बंडू दर सोमवारी बाबांना विचारतो, "आखले का?"

तो विचारत राहणार आहे. तुम्हीही विचारत राहा.